सेंद्रिय कर्ब वाढला, मोटार मात्र तेवढीच चालते, असं का?

माळावरचा_गडी (सांगोला)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

सात एकर रान आहे. तीन एकर माळाचं मुरमाड, त्यावर भगवा डाळिंब, १४ बाय १० फुटावर, सगळं ठिबकवर, हस्त बहार (पावसाळा सरताना धरायचा फुलोरा) धरतो. चार एकर ओढ्याकडेचं काळं रान, त्यात मालदांडी ज्वारी आणि पाणी असलं तर थोडी मका. पाऊस आमच्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला निम्मा परतीचा, आणि तो पण असा की दोन तासात वढा वाहून मोकळा, रान वरवर भिजलेलं. विहीर एकच, ५५ फूट, फेब्रुवारी सरला की तळातली दगडं दिसतात.

तीन वर्षांपूर्वी माती तपासली तर काळ्या रानाचा सेंद्रिय कर्ब (मातीत कुजलेल्या काडीकचऱ्याचा, शेणखताचा अंश) ०.३८ टक्के आणि सामू (पीएच) ८.३. तवा ठरवलं की आता जमिनीकडं बघायचं. धसकटं पेटवायचं बंद केलं, दोनदा ताग गाडला, दरवर्षी शेणखत टाकतोय (घरचं पुरत नाही, विकत घेतो). यंदाचा रिपोर्ट ०.५६ आला. लय बरं वाटलं, घरात पेढं वाटायचंच बाकी ठेवलं.

पण पाण्यात काय फरक नाय. व्हॉट्सअपला एक मेसेज फिरतोय बघा, कर्ब एक टक्का वाढला की एकरी लाखो लिटर पाणी जमिनीत साठतं म्हणून, मी त्याच आशेवर होतो. मोटार जेवढी चालत होती तेवढीच चालती, डाळिंबाला दिवसाआड तीन तास, झाडाला ४ लिटरचे चार ड्रिपर. हे टायमिंग ठिबक बसवणाऱ्यानं पाच वर्षांपूर्वी कागदावर लिहून दिलंय, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय. ज्वारीला तीन पाणी देतो साऱ्यानं.

मग माझं चुकतंय काय? का कर्ब बिर्ब सगळं नुसतं बोलायला? आणि शेजारी म्हणतो तलावातला गाळ टाक सगळ्या रानात, टाकू का?

---

बागायतदार००७

बोअर मारा एक. कर्बानं पाणी येत नसतं.

---

माळावरचा_गडी

गावात ७०० फुटाला पण नुसता धुरळा निघतोय भाऊ. दोन मारून झाल्यात.

---

कोरडवाहू_काका (बार्शी)

गडी, तुमचं चुकलं नाही, पण तो मेसेज चुकलाय. जरा हिशोब करू, मला सवय आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर. हे डोक्यात पक्कं ठेवा, सगळं यावरूनच कळतं. आता कर्ब. जगभरच्या हजारो मातीच्या नमुन्यांचा ताळा शास्त्रज्ञांनी लावलाय, त्यात असं निघालं की कर्ब पूर्ण एक टक्क्यानं वाढला तर १० सेंटिमीटर जाडीच्या थरात पिकाला मिळणारं पाणी सरासरी एक मिलिमीटरच्या थोडंसं वर वाढतं. तुमचा वाढला ०.१८. एक फुटाच्या थरात धरला तर अर्धा पाऊण मिलिमीटर. म्हणजे एकरी दोन अडीच हजार लिटर. वाढीतली ज्वारी किंवा मका उन्हाच्या दिवसात रोजचं चार पाच मिलिमीटर पाणी ओढते. म्हणजे तुम्ही तीन वर्षं राबून जे साठवणीत कमावलं ते पिकानं सकाळी न्याहारीलाच संपवलं.

आणि काळ्या मातीत तर हा फायदा अजून कमी, कारण ती आधीच पाणी भरपूर धरते. तिथं साठवायला जागा आहे, तुमचं पाणी आत शिरतच नाही, दुखणं ते आहे. तुम्हीच लिहिलंय की दोन तासात वढा वाहतो आणि रान वरवर भिजलेलं. समजा ६० मिलिमीटरचा एक दणका आला आणि त्यातला निम्मा वाहून गेला, ३० मिलिमीटर, म्हणजे एकरी सव्वा लाख लिटर तुमच्या डोळ्यादेखत वढ्यात गेलं. लाखाचा आकडा हवा होता ना, तो इथं आहे.

शिरत का नाही? रोटाव्हेटर मारता का? (मारत असणारच, सगळेच मारतात, दिसायला रान छान दिसतं, रव्यासारखं.) त्या पिठावर पावसाचे टपोरे थेंब पडले की माती विरघळते, बारीक कण भोकात जाऊन बसतात आणि वर पापडी धरते. मग वरून कितीही पडू दे. शेणखत, तागाची मुळं, गांडूळ, ह्यांचं खरं काम मातीचे कण एकमेकाला चिकटवून ठेवायचं, म्हणजे पावसात ढेकूळ ढेकूळ राहतं, भोकं उघडी राहतात.

रिपोर्टपेक्षा घरी एक गंमत करा. काळ्या रानातलं सुपारीपेक्षा जरा मोठं वाळलेलं ढेकूळ घ्या, आणि त्याच रानाच्या बांधावरचं, जिथं नांगर कधी गेला नाही आणि गवताच्या मुळ्या आहेत, तिथलं एक घ्या. सावलीत चांगली वाळू द्या. दोन काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चहाच्या गाळणीत ठेवून हळूच बुडवा आणि बघत बसा. काय होतं ते इथं लिहा.

दुसरं, सहा इंची पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा कापून रानात निम्मा ठोका, आत अर्ध्या लिटरला थोडं कमी पाणी ओता, ते बरोबर इंचभर उभं राहतं. मुरायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून बघा, रानात पण आणि बांधावर पण. पहिल्या इंचाला कोरडी जमीन फसवते, भेगा असतात, म्हणून दुसऱ्या इंचाचा टाईम खरा धरायचा.

गाळाचं: मुरमाडावर टाका, डोळे झाकून टाका, तिथं पाणी धरायला काहीच नाही म्हणून चिकणमाती मिळाली की फरक पडतो. पाणी धरायच्या बाबतीत शेणखताचा पण खरा फायदा मुरमाडावरच. काळ्या रानात गाळ टाकणं म्हणजे चिकणीवर अजून चिकणी. २०१७ ला गाळमुक्त धरण योजना आली तेव्हा आमच्याकडं लोकांनी चांगल्या काळ्या रानात ट्रॉल्या ओतल्या, फुकट मिळतोय म्हणून, आता तिथं वाफसाच (मशागतीजोगी ओल) येत नाही लवकर.

आणि एक विचारायचं राहिलं. यंदाचा नमुना कधी आणि कुठून घेतला?

---

माणदेशी_सून (आटपाडी)

काकांनी काळ्या रानाचं सांगितलं, मी डाळिंबाचं सांगते, कारण ते मी भोगलंय.

दादा, तुमचा तो पेटीतला कागद आधी फाडा. खरंच. जमीन कितीही सुधारली तरी मोटार कागदाकडं बघून चालू केली तर पाणी वाचणार कुठनं? ठिबकवाल्यानं जमीन बघून लिहिलं नव्हतं, सगळ्यांना तोच कागद देतात.

आमचं चार वर्षांपूर्वी असंच झालं. ऊसपट्ट्यातनं पाचट आणलं, ओळीनं चांगलं वीतभर अंथरलं, इतका आनंद की फोटो काढून बहिणीला पाठवला. पण पाणी आधीचंच, दिवसाआड तीन तास. वरून पाचटानं ऊन अडवलं, खालून ओल कमीच होईना, आणि ऑगस्टात एकेक झाड पिवळं पडायला लागलं. मर रोग, झाड उभंच वाळतं. चाळीस झाडं गेली. सासरे रोज सकाळी बागेत जाऊन मोजून यायचे आणि काही न बोलता चहाला बसायचे, ते शांत बसणं मला अजून आठवतं. दुकानदारानं दोन हजाराची औषधं आळवणीला दिली, त्यानं काय व्हायचं होतं. मर बुरशीनं होते, सूत्रकृमीनं होते, सगळं खरं, पण सतत ओली ठेवलेली मुळी त्याला बोलावणं धाडते.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते. मोटार लावायच्या आधी तीन चार झाडांपाशी, ड्रिपरपासून वीतभर लांब, कुदळीनं फूटभर उकरते. माती मुठीत दाबायची. लाडू वळला आणि तळहात ओला झाला तर त्या दिवशी मोटार बंद. लाडू वळला पण बोटानं टोचल्यावर फुटला तर उद्या. वळेचना तर चालू. मुरमात लाडू नीट वळत नाही, तिथं नुसतं हाताला गार लागतंय का बघायचं, महिनाभरात हाताला कळायला लागतं.

आणि मुरमाडाला एकदम तीन तास कशाला? झाडाला १६ लिटर ताशी, म्हणजे तीन तासात ४८ लिटर, एकरी ३११ झाडं धरली तर पंधरा हजार लिटर एका पाळीला. त्यातलं किती मुळीच्या खाली मुरमात निघून जातंय? पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी एका झाडाशी तीन फूट खड्डा घ्या. तळाला मुरूम ओलागच्च निघाला आणि तिथं मुळी नसली तर समजा ते पाणी विहिरीतनं काढून परत खाली सोडताय, वीजबिल भरून. थोडं थोडं द्या, आच्छादन असेल तर रोज तासभर सुद्धा चालतं. उघड्या जमिनीवर मात्र रोज ओलं केलं की वरचं उडून जातं, म्हणून आधी झाका, मग वेळ बदला.

पाचटाचं दोन गोष्टी लक्षात ठेवा. खोडापासून फूटभर मोकळं सोडा. आणि छाटणीच्या काड्या बारीक करून बागेतच आच्छादन करा असं कुणी सांगेल, तेल्या रोग (काळे तेलकट डाग) असलेल्या बागेत ते अजिबात करू नका, रोगट काडी बागेबाहेर काढून जाळायचीच. धसकटं जाळू नका आणि ह्या काड्या जाळा, दोन्ही बरोबर आहे.

---

बागायतदार००७

ताई तीन एकराला पाचट किती लागतं हो? आणि कोण देतो आता फुकट, गुऱ्हाळवाले, बेलर वाले सगळे उचलून नेतात.

---

माणदेशी_सून

एकदम तीन एकर नका करू. पहिल्या वर्षी मी एकच एकर केला, नुसता ओळीतला पट्टा, मधला बोळ तसाच. बोळात पावसाळ्यात येणारं गवत उपटायचं नाही, फुलावर यायच्या आत कापायचं आणि ओळीत टाकायचं. बांधाला गिरिपुष्प लावलंय, त्याच्या फांद्या वर्षातून दोन तीनदा मिळतात, शेरडं खात नाहीत सहसा म्हणून टिकतं. कडबा मात्र कुणी सांगितलं तरी अंथरू नका, जनावरं काय खातील. पुस्तकात लिहितात पिकाचे अवशेष रानात ठेवा, आमच्याकडं अवशेष म्हणजे म्हशीचं जेवण.

---

पूर्णाकाठचा (दर्यापूर)

भाऊ, एक गोष्ट सगळे विसरून राहिले. पाणी तपासलं का?

आमचा खारपाणपट्टा, इथं विहिरीचं पाणी पिकाला दिलं की जमीन चोपण होते, पावसात चिखल अन उन्हात सिमेंट, तुम्ही कितीही शेणखत टाका. सोडियम मातीचे कण सुटे करून टाकतो. तुमचं तसं असेलच असं नाही म्हणत, सामू ८.३ हा नुसता चुनखडीनं पण येतो, त्याला घाबरायचं काम नाही. ८.५ च्या वर गेला की मग विचार करा.

काकांनी ग्लासची गंमत सांगितली ना, त्यात अजून एक बघा. ढेकूळ फुटलं तर फुटू द्या, पण घंट्या दोन घंट्यांनी वरचं पाणी कसं दिसते ते बघा. पाणी नितळ अन खाली मातीचा ढीग असेल तर सेंद्रियाची कमी. पाणी दुधाच्या चहासारखं गढूळच राहिलं तर सोडियमचा संशय घ्या, अन मग मातीचा विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) तपासा. तो १५ टक्क्याच्या वर असला तर जिप्सम कामाचं, नाहीतर जिप्सम म्हणजे पैसे मातीत, अक्षरशः. इथं कृषी केंद्रवाले सरसकट जिप्सम विकून राहिले, ज्याला गरज नाही त्याला पण.

उन्हाळ्यात विहीर खाली गेली की पाणी अजून खारट होते, म्हणून नमुना एप्रिलात घ्या, पावसाळ्यातला सगळा चांगलाच येतो.

---

जालना_मोसंबी

ज्वारीचं मी बोलू का थोडं. राव, नांगरट बंद करा. नेरळच्या भडसावळ्यांचं एसआरटी, म्हणजे बिननांगरटीचं सगुणा तंत्र, आमच्याकडं बऱ्याच जणांनी धरलंय, कपाशी सोयाबीनला. एकदा गादीवाफे पाडायचे, मग नांगर नाही, रोटा नाही, पीक काढलं की मुळ्या तशाच जमिनीत कुजू द्यायच्या. मुळी कुजली की तिच्या जागी नळी तयार होते, त्यातनं पाणी सरळ खाली. माझ्या तीन वर्षांच्या वाफ्यावर जुलैच्या मोठ्या पावसानंतर पाणी थांबतच नाही, शेजाऱ्याच्या रानात बेडूक वरडत असतात.

---

कोरडवाहू_काका

जालनाकर, मुळ्यांचं पटतं. पण रब्बी ज्वारीत माझं मत वेगळं आहे. भारी काळ्या रानाला जानेवारीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ओल त्या भेगांतून उडते. त्यासाठी कोळपणीच, म्हणजे ओळींमधली वरची माती हलवणं, पाहिजे. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमचे वडील म्हणायचे आणि कृषी विद्यापीठवाले पण तेच म्हणतात. तिसऱ्या आठवड्याला फटीचं कोळपं, पाचव्याला पासेचं, आठव्याला दातेरी, म्हणजे भेगा मातीनं बुजतात. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहूवर काम चाललंय, त्यातलं निम्मं ज्ञान लोक विसरले आणि यूट्यूबवर नवीन म्हणून बघतात.

---

जालना_मोसंबी

काका वर आच्छादन असलं तर भेगाच कमी पडतात की.

---

कोरडवाहू_काका

असलं तर! ज्वारी उपटून कडबा घरी नेल्यावर रानात काय उरतं? वर ताईंनी सांगितलंच. तुमच्या कपाशीच्या पऱ्हाटीला म्हैस तोंड लावत नाही, म्हणून तुमचं जमतं. आणि हराळी लव्हाळ्याचं काय करता, तणनाशक ना?

---

जालना_मोसंबी

हो, ते मारावं लागतं, खोटं कशाला बोलू. लव्हाळा अजून पूर्ण हटला नाही.

---

माळावरचा_गडी

मंडळी, पाच दिवसांनी लिहितोय, सगळं करून बघितलं.

आधी कबुली. काकांनी विचारलेला नमुना. ताग गाडल्यावर दीड महिन्यानं घेतला होता, आणि आळसानं उकिरड्याजवळच्या कोपऱ्यातनं, सगळ्या रानातनं फिरून नाही. म्हणजे ०.५६ हा किती खरा देव जाणे. उन्हाळ्यात परत घेतो नीट.

ढेकळं. पोरगी पण बसली होती बघायला, तिच्या मोबाईलवर व्हिडिओ केलाय. रानातलं ढेकूळ पाण्यात गेलं तसं बाजूनं बुडबुडं आलं, मग कडा गळायला लागल्या जशी बिस्किट चहात गळती तशी, मिनिटभरात गाळणीत निम्मं आणि तीन मिनिटात काहीच नाही. बांधावरचं ढेकूळ तसंच. मी जेवून आलो तरी तसंच, बारीक मुळ्यांची जाळी दिसत होती. पोरगी म्हणली पप्पा आपण बांधावरच शेती करायला पायजे होती. पाणी दोन तासांनी नितळ झालं दर्यापूरच्या भाऊ, गढूळ राहिलं नाही, म्हणजे जिप्समचं वाचलं.

पाईपचं: दुसरा इंच मुरायला रानात ४१ मिनिटं, बांधावर ६. दोनदा केलं, मला खरंच वाटंना. आणि हो काका, रोटाव्हेटर मारतो, वर्षाला दोनदा, भाड्याचा.

डाळिंबात खड्डा घेतला ताईंनी सांगितल्यासारखा. तीन फुटावर मुरूम ओला, अगदी हाताला पाणी लागंल असा, आणि मुळ्या सगळ्या दीड फुटाच्या वरच. लय वाईट वाटलं बघा, पाच वर्षं. कागद काढला. फाडला नाय, मागच्या बाजूला उकरलेल्याची तारीख लिहायला घेतलाय.

आता ठरवलंय असं. काळ्या रानात रोटा बंद, जूनमधे सारा यंत्रानं दहा बाय दहाचे वाफे करून पावसाचं पाणी जागेवर धरायचं, पेरताना मोडायचे. कोळपण्या तिन्ही. ज्वारीला पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी) एक पाणी ठेवायचं, बाकीची दोन ओल बघून, नाही दिलं तर उत्तम, ते पाणी डाळिंबाला. गाळ फक्त माळावर, आणि तो पण एका एकराला आधी. पाचट एक एकर.

ताई एक शंका. लॅटरल (ठिबकची नळी) पाचटाच्या वर ठेवू का खाली? खाली ठेवली तर उंदरं कुरतडतात म्हणतात.

---

माणदेशी_सून

खालीच ठेवा, वर ठेवली तर थेंब पाचटात पडून तिथंच वाळतो. उंदरं कुरतडणार, ते गृहीत धरा, जॉईनर आणि गूफ प्लगची (नळीची भोकं बुजवायच्या बुचांची) पिशवी खिशात ठेवा. आठवड्यातनं एकदा मोटार चालू असताना ओळीनं चालत जायचं, कुठं पाचट चिंब दिसलं की पाईप फुटलाय, कुठं उचलून बघितलं तर सुकं की ड्रिपर चोंदलाय. वाळवी लागंल पहिल्या उन्हाळ्यात, ती पाचट खाते, झाडाला लागली तरच औषध. आणि लॅटरलचं शेवटचं टोक पाचटाच्या बाहेर राहू द्या, फ्लश करताना शोधत बसावं लागत नाही. आम्ही तिथं लाल चिंधी बांधलीय.

---

कोरडवाहू_काका

४१ आणि ६ हे आकडे वहीत लिहून ठेवा तारखेसकट. पुढच्या वर्षी त्याच जागेवर पाईप ठोका, बांधावर पण. आणि पोरीच्या मोबाईलमधला तो व्हिडिओ इथं टाका की, आमच्या गावातल्या रोटाव्हेटरवाल्याला दाखवतो.